नारी सुवर्णा मेंढा: जुळी मिळतात, पण कधी आणि कोणाला?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत तयार झालेला नारी सुवर्णा मेंढा कळपात आणावा का, असं विचारणाऱ्यांना आमचं उत्तर असं: एका जागी किंवा जवळपास फिरवून मेंढ्या पाळत असाल, प्रत्येक मादीची नोंद ठेवत असाल आणि दोन वर्षं थांबायची तयारी असेल तर नक्की आणा. यातली एखादी गोष्ट जमणार नसेल तर ते पैसे चाऱ्यावर आणि लसीवर घाला, जास्त फायदा होईल.

आधी हा मेंढा आहे काय ते पाहू. साधी दख्खनी मेंढी वेताला एकच कोकरू देते, जुळं देणारी शंभरात मोजकीच. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची ठेंगणी मेंढी आहे. वजन जेमतेम १२ ते १५ किलो, पण जुळी आणि तिळी तिच्यात नेहमीची. हे येतं फेक-बी नावाच्या एका जनुकामुळे. याच बंगाली मेंढ्या अठराव्या शतकाच्या अखेरीस जहाजातून ऑस्ट्रेलियात गेल्या आणि तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतलं जुळ्यांचं जनुक त्यांच्याकडूनच आलं असं मानतात. फलटणच्या संस्थेने गॅरोलचं हे जनुक दख्खनी आणि कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीच्या रक्तात आणलं, आणि गॅरोलचा लहान बांधा पिढ्या-दर-पिढ्या निवड करून मागे टाकला. त्यातून उभी राहिली ती नारी सुवर्णा: अंगाने दख्खनीसारखी, पण वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं देणारी. काम चोख आहे, आणि ते आपल्याच माणदेशी हवेत झालंय हे जास्त महत्त्वाचं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. नर आणला की पुढच्या वेताला जुळी, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. जुळं होणं हे मेंढीच्या बीजकोशावर अवलंबून असतं, नरावर नाही. जनुक असलेल्या मेंढीच्या बीजकोशातून एका माजाला एकाऐवजी दोन किंवा जास्त बीजं सुटतात. नर ते जनुक फक्त पुढे देतो. तुमच्या दख्खनी मेंढ्या या नराकडूनही एकेकच कोकरू देणार. फरक दिसणार तो त्याच्या लेकी विऊ लागल्यावर. हिशेब करा: यंदा जुलैत नर सोडला तर डिसेंबरात कोकरं. त्यातल्या माद्या २२ ते २५ किलोच्या, म्हणजे साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या झाल्यावर भरवायच्या, म्हणजे नर दाखवून गाभण करायच्या. मग पाच महिने गाभणकाळ. पहिलं जुळं दिसायला दोन वर्षं. या मधल्या काळात पैशाची नड आली आणि तीन महिन्यांची मादी कोकरं खाटकाला गेली, की जनुकही त्यांच्याबरोबर गेलं. नर आणून फायदा झाला नाही म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचं दुखणं हेच असतं. मादी कोकरं राखायची ऐपत नसेल तर नराऐवजी जनुक असलेल्या दोन-तीन माद्याच घ्याव्यात. त्यांची जुळी पहिल्या वेतालाच दिसतात आणि आपल्याला हे झेपतंय का तेही कळतं.

घेताना कागद पाहा. रक्ताच्या नमुन्यावर डीएनए चाचणी होते आणि निकाल तीनपैकी एक असतो. बीबी म्हणजे जनुकाच्या दोन प्रती, बी-प्लस म्हणजे एक, प्लस-प्लस म्हणजे एकही नाही. बीबी नराच्या प्रत्येक कोकरात एक प्रत हमखास जाते. बी-प्लस नराच्या निम्म्याच कोकरांत जाते, आणि कोणत्या निम्म्या हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, प्रत्येकीची चाचणी करावी लागते. त्यामुळे साध्या दख्खनी कळपावर सोडायला बीबी नरच घ्या. बाजारात "नारी सुवर्णाचं पिल्लू आहे" म्हणून कागदाविना नर विकले जातात, ते घेऊ नयेत. रंगावरून, कानावरून, किंवा तो स्वतः जुळ्यातला आहे यावरून काहीही सिद्ध होत नाही. नर कायम विक्रीला तयार असतोच असं नाही, म्हणून हंगामाच्या तीन-चार महिने आधी चौकशी करावी. बाकी पारख नेहमीची: दोनदाती (पुढचे दोन पक्के दात आलेला), चारही पाय सरळ, दोन्ही वृषणं सारखी, घट्ट आणि गाठ नसलेली, जबडा जुळणारा.

आणल्यावर २१ दिवस वेगळा ठेवा. शेणाची तपासणी करून जंतनाशक द्या. खुरं बुडवायला झिंक सल्फेटचं दहा टक्के द्रावण चालतं. मोरचूद वापरायची आपल्याकडे सवय आहे, पण ते तांब्याचं संयुग आहे, मेंढीला तांबं सोसत नाही आणि ते पाणी ती प्यायली तर यकृतात तांबं साठून दगावू शकते. याच कारणासाठी गाई-म्हशींचं खनिज मिश्रणही मेंढ्यांना घालू नये, मेंढ्यांचं वेगळं मिळतं तेच आणावं.

नर सोडण्याच्या तीन आठवडे आधी कळपातले बाकीचे सगळे नर बाजूला काढा. चार महिन्यांच्या पुढची नर कोकरंसुद्धा. ती माद्या भरवू शकतात हे लक्षात राहत नाही आणि मग कोणाचं कोकरू कोणाचं तेच कळत नाही. पुऱ्या वाढलेल्या नराला २५ ते ३० माद्या, पहिल्या हंगामातल्या नराला पंधराच. नराच्या छातीला गेरू आणि खाद्यतेलाचा दाट लेप लावला की भरवलेल्या मादीच्या पाठीवर, शेपटीच्या वर, तांबडा डाग उमटतो. लेप दर दोन दिवसांनी पुन्हा द्यायचा. मेंढी साधारण १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणून १७ दिवसांनी रंग बदला, गेरूऐवजी नीळ किंवा काजळी. पहिल्या रंगावर दुसरा रंग चढलेली मादी पहिल्या वेळी गाभण ठरली नाही. असे डाग निम्म्याहून जास्त माद्यांवर दिसले तर दोष नरात आहे, त्याची तपासणी करा. मादीचा नंबर आणि डागाची तारीख वहीत लिहिली की विण्याची तारीख काढता येते: डागापासून १४७ ते १५० दिवस. ही वही नसेल तर पुढचं सगळं अंदाजाने चालतं, आणि जुळ्यांच्या कळपात अंदाज महाग पडतो.

महाग का पडतो, ते गाभण मेंढीच्या शेवटच्या दीड महिन्यात दिसतं. पोटातल्या कोकराची जवळजवळ दोन तृतीयांश वाढ याच काळात होते. दोन कोकरं असली की ती कोठीपोटावर (चारा साठतो आणि आंबतो त्या मोठ्या पोटावर) दाबतात. मेंढीला जास्त खायला हवं असतं आणि नेमकं तेव्हाच पोटात जागा उरत नाही. मग ती अंगावरची चरबी जाळते, रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं) वाढतात आणि मेंढी कळपापासून बाजूला उभी राहू लागते, खात नाही, दात खाते, नजर शून्यात लागते, शेवटी बसते ती उठत नाही. हा गाभणकाळातला विषार. बसलेली मेंढी वाचवणं डॉक्टरलाही अवघड, म्हणून ती बाजूला उभी दिसली त्याच दिवशी डॉक्टरला बोलवायचं. गूळपाणी पाजून वेळ काढू नये. साखर कोठीपोटातच आंबून जाते, रक्तात फारशी पोचत नाही.

टाळायचा उपाय साधा आहे. विण्याच्या ४५ दिवस आधीपासून चरून आल्यावर प्रत्येक मादीला रोज ३०० ग्रॅम खुराक, दोन वेळा विभागून: निम्मा मका भरडा, पाव हिस्सा शेंगदाणा किंवा सरकी पेंड, उरलेला गव्हाचा भुसा, वर खनिज मिश्रण आणि मीठ. सुरुवात १०० ग्रॅमने करून आठ-दहा दिवसांत वाढवा, एकदम दिला तर पोट आंबतं. जोडीला लसूणघास, शेवरी किंवा सुबाभळीचा पाला. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा मिळाल्या तर पेंड थोडी कमी करता येते. विल्यावर जुळी असलेल्या मादीचा खुराक ४०० ग्रॅमवर न्या आणि दीड महिना चालू ठेवा. एकच कोकरू असलेलीला चराई चांगली असेल तर तेवढी गरज नाही. आंत्रविषाराची लस विण्याच्या महिनाभर आधी दिली की तिची ताकद चिकातून कोकरांना मिळते. पीपीआर (मेंढ्या-शेळ्यांचा साथीचा रोग) आणि देवीच्या लसी नेहमीच्या वेळापत्रकाने.

जुळ्यांचा खरा धंदा पहिल्या तीन दिवसांत होतो किंवा बुडतो. पहिलं कोकरू पडलं की मेंढी त्याला चाटत असते. दुसरं साधारण १० ते ३० मिनिटांत येतं. त्या वेळी ती उठून दोन पावलं सरकते, तिथे दुसरं टाकते आणि पहिलं मागे राहतं. मोठ्या कळपात तेवढ्यात दुसरी मेंढी त्याला हुंगते किंवा ते थंडीत पडून राहतं. म्हणून विणारी मादी चार फूट बाय चार फुटांच्या कप्प्यात घ्या. वाघरीचा (मेंढ्या कोंडायच्या जाळीचा) तुकडा, बांबूचे कठडे, काहीही चालतं, फक्त खाली कोरडा पाचोळा किंवा गोणपाट हवं. दोन्ही कोकरं तिच्या तोंडाशी ठेवा. तासाभरात दुसरं आलं नाही आणि मेंढी कळा देत राहिली तर मदत लागणार आहे हे समजा. नाळ बोटभर ठेवून टिंक्चर आयोडिनात बुडवा, वरून नुसतं लावू नका. सडाची मेणासारखी गुठळी दोन-तीन धारा काढून मोकळी करा. गुठळी न निघाल्याने कोकरू चोखतं पण पोटात काहीच जात नाही, हे फार वेळा घडतं.

चीक किती हवा ते वजनावर ठरतं. पहिल्या दोन तासांत किलोला ५० मिलि, चोवीस तासांत किलोला २०० मिलि. जुळ्यातलं कोकरू दोन किलोच्या आसपास असतं, म्हणजे त्याला पहिल्यांदा १०० मिलि आणि दिवसभरात ४०० मिलि. दोघांचे मिळून आठशे. पहिलटकरणीला एवढा चीक असतोच असं नाही. एकच कोकरू असलेल्या मेंढीचा जादा चीक काढून लहान बाटल्यांत गोठवून ठेवा आणि वापरताना कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवा. विस्तवावर उकळला तर नासतो. पोट भरलंय का हे पाहायचं तर कोकराला उभं करून फासळ्यांच्या मागे दोन बोटांनी दाबा. रिकामं पोट आत जातं, भरलेलं घट्ट लागतं. तोंडात बोट घालून पाहा: तोंड गार असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या कोकराला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं.

दोन्ही कोकरांच्या पाठीवर आईचा नंबर रंगाने घाला. तीन दिवसांनी कप्प्यातून काढलं तरी आठवडाभर जुळ्यांच्या माद्या वेगळ्याच ठेवा. बहुतेक माद्यांचं दूध एका कोकरापुरतंच असतं, त्यामुळे जोडीतलं धाकटं मागे पडतं. दर दहा जुळेवाल्या माद्यांमागे एक दुभती उस्मानाबादी शेळी हवी. मेंढपाळांच्या वाड्यात (कळप घेऊन एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांच्या गटात) शेळ्या असतातच, फक्त त्या वेळी दूध विकायचं नाही. बाटलीवरच्या कोकराला दिवसाला वजनाच्या पंधरा ते वीस टक्के दूध चार वेळांत विभागून, कोमट, आणि बाटली रोज उकळलेली. तिसऱ्या आठवड्यापासून फक्त कोकरांनाच शिरता येईल अशा कठड्याआड भरडा ठेवा. ५० ग्रॅमपासून सुरू करून तीन महिन्यांपर्यंत १५० ते २०० ग्रॅम.

आता पैशाचं बोलू. समजा जनुकाची एक प्रत असलेल्या २० माद्या विल्या, १० ना जुळी झाली. विण्याआधी सगळ्या वीस माद्यांना ४५ दिवस ३०० ग्रॅमने २७० किलो खुराक, नंतर दहा जुळेवाल्यांना ४०० ग्रॅमने १८० किलो. एकूण ४५० किलो, ३० रुपये भावाने १३,५०० रुपये. जादा मिळालेल्या दहा कोकरांपैकी आठ जगली आणि ४,५०० ला गेली तर ३६,००० आले. पाच जगली तर २२,५००. तीन जगली तर १३,५००, म्हणजे खुराकाचे पैसे फिटले आणि मेहनत फुकट गेली. तुमच्या बाजाराचे भाव घालून हेच गणित मांडा. आकडे बदलतील, पण नफा कोकरं जगण्यावर ठरतो हे बदलणार नाही. वीस माद्यांचा हा हिशेब शंभराच्या कळपाला तसाच लागू करू नका. एका रात्रीत आठ मेंढ्या विल्या तर एका माणसाला बारा-सोळा कोकरांना चीक पाजणं जमत नाही. मोठ्या कळपात माद्या दोन तुकड्यांत, महिन्याच्या अंतराने भरवा.

पावसाळा संपला की घाट उतरून कोकणात किंवा दूर पठारावर जाणाऱ्या वाड्यांना हा मेंढा आम्ही सरसकट सुचवत नाही. घोड्यावर डालग्यात जाणारी कोकरं दुप्पट झाली, रोजचा तळ हलला आणि कप्प्याची सोय नसली की धाकटं कोकरू जगत नाही, वर आईही खंगते. अशा वाड्याने ताकदीच्या, भरपूर दुधाच्या दहा-बारा माद्यांपुरतंच हे रक्त ठेवावं आणि त्या विण्याच्या वेळी घरी राहतील अशी व्यवस्था लावावी.

जतकडच्या माडग्याळ मेंढ्याशी तुलना नेहमी होते. माडग्याळ उंच, बाकदार नाकाचा, त्याची कोकरं झपाट्याने वजन घेतात, बाजारात उठाव जास्त. पण कोकरू एकच. खाऊ घालायला भरपूर आणि ईदचा बाजार हाताशी असेल तर माडग्याळ. माद्या थोड्या, जागा थोडी आणि घरात लक्ष द्यायला माणूस असेल तर सुवर्णा. सुवर्णाच्या लेकीवर माडग्याळ नर सोडून जुळी आणि वजन दोन्ही मिळवायचा मोह होतो. पहिलटकरणीवर हे करू नका, एकच कोकरू असलं तर ते मोठं होऊन विताना अडतं. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने गॅरोल, मालपुरा आणि पाटणवाडी या मेंढ्यांच्या संकरातून अविशान ही जात काढली आहे. तीही जुळी देते, पण ती तिकडच्या हवेत घडलेली. इथे फलटणची जवळची आणि विश्वासाची.

लोकरीच्या बाजूने मात्र सुवर्णाला गुण कमी. बन्नूर मांसासाठी पाळली जाते, तिचं रक्त आलं की लोकर कमी आणि केसाळ होते. दख्खनीची लोकर आधीच वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास, जाडीभरडी, आणि कातरणाऱ्याची मजुरी दिल्यावर हातात फारसं उरत नाही. पण घोंगडी आणि जेन (लोकर दाबून केलेली जाड बैठक) करणाऱ्यांना काळी दख्खनी लोकरच लागते. असं गिऱ्हाईक हाताशी असेल तर काळ्या माद्यांची एक तुकडी शुद्ध ठेवा, त्यांच्यावर सुवर्णा सोडू नका. त्यांची लोकर विकायची रीतही सुधारा: कातरायच्या दोन-तीन दिवस आधी वाहत्या पाण्यात मेंढ्या धुवा, कोरड्या ताडपत्रीवर कातरा, पोटाखालची आणि लेंड्या चिकटलेली लोकर वेगळी काढा, काळी-करडी-पांढरी मिसळू नका. कोकरांची पहिली कातरणी, जावळ, सगळ्यात मऊ. ती वेगळ्या पोत्यात भरा, तिला भाव वेगळा मागा. शेवटच्या दीड महिन्यातली गाभण मेंढी कातरायला उलथी करू नये, जुळी पोटात असतील तर मुळीच नाही. कातरीच्या जखमा भरल्या की साधारण दहा दिवसांनी गोचिडाचं औषध.

सरकारी मदतीचं: राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या जमाती-क प्रवर्गातल्या मेंढपाळांना २० मेंढ्या आणि एका नराच्या गटासाठी ७५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची रांजणी, महूद, दहिवडी अशी प्रक्षेत्रं आहेत, तिथे दख्खनी आणि माडग्याळ पाहायला मिळतात. अनुदानातून आलेल्या गटात सुवर्णा नर घालायचा असेल तर आधी माद्यांचं वजन आणि दूध पाहून घ्या.

शेवटचा मुद्दा नर बदलण्याचा. लेकी भरवायच्या वयाच्या झाल्या की बाप कळपातून काढायचा. त्याच नराकडून त्या भरल्या तर जवळच्या रक्ताची, दुबळी कोकरं येतात. त्याच्या जागी दुसरा बीबी नर घातला तर पुढच्या पिढीतली सगळी कोकरं जनुकवाली, पण निम्म्यांत दोन प्रती. दोन प्रतींच्या माद्यांना तिळी होण्याची शक्यता वाढते आणि दोन सडांच्या कासेला तीन कोकरं झेपत नाहीत. म्हणून दुसऱ्या फेरीला चांगल्या वजनाचा, दुधाळ आईचा साधा दख्खनी नर घ्या. निम्म्या कोकरांत एक प्रत येईल. त्या मादी कोकरांची चाचणी करून एक प्रत असलेल्या राखा आणि बाकीच्या विका.